तेलगळती आणि बिनतारी संपर्काचे अर्थकारण
(जबलपूर येथील व्याख्यानातून)

जबलपूरपासून समुद्र दूर आहे. पण २२ मे १९९७ चा भूकंप अनुभवलेल्या या शहराला आपत्तीतील संपर्काचे मोल सांगावयास नको.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईनजीक एमएससी चित्रा व खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडले, कंटेनर समुद्रात पडले. मुंबई व जवाहरलाल नेहरू बंदरांतील वाहतूक काही दिवस ठप्प झाली. लक्षात घ्या, चित्रा हे तेलवाहू जहाज नव्हते. सांडले ते त्याचे स्वतःचे इंधन.

अशा वेळी तटरक्षक दल, बंदर व किनाऱ्यावरील सफाई पथके यांना एकमेकांशी बोलता आले पाहिजे. व्हीएचएफ लहरी साधारणतः दृष्टिरेषेतच जातात. हातातील संचाचा संदेश थोड्या किलोमीटरांत विरतो. शंभर मीटर उंचीवरील रिपीटर तोच झेलून दुसऱ्या वारंवारतेवर सुमारे चाळीस किलोमीटरपर्यंत पोहोचवितो. परंतु लाभ सर्वांचा, म्हणून खर्च कोणाचाच नाही! संकटसंदेशांसाठी जगभर राखलेला १५६.८ मेगाहर्ट्झचा सोळावा चॅनेलही लिलावात येत नाही, म्हणून त्याचे मोल हिशेबात दिसत नाही. रिपीटर व त्यांच्या बॅटऱ्यांच्या देखभालीचा भार, माझ्या मते, केवळ तेलवाहू नव्हे, तर बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या शुल्कावर असावा.