राख उपसण्यापूर्वी

घरातली आग विझली की आम्ही प्रथम एवढेच सांगतो: राख उपसू नका. आमच्या एका सोबत्याने लाजेपोटी रातोरात सारे नाल्यात टाकले. त्यात बायकोच्या शिवणयंत्राचा सांगाडाही गेला. तिच्या शिवणावर घर चालत होते. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने विचारले, "यंत्र कोठे आहे?" पंचनामा होता, अग्निशमन दलाचा दाखला होता, यंत्र नव्हते.

नुकसानीची यादी घरातल्या बाईला विचारून करा. पुरुषाला कपाट आठवते, आतले आठवत नाही. २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत इमारतीचा विमा असला की सामानही येते, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, फार तर १० लाखांपर्यंत. दागिने निराळे उतरवावे लागतात. लेखी तक्रारीला कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही.

त्या यंत्राचे बिल दुकानदाराच्या जुन्या दप्तरातून काढायला आम्हाला चार महिने लागले.