संगणक सुरू होत नाही, तेव्हा काय करावे?
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून बहुधा शिक्षणाच्या महत्त्वावर बोलले जाते. आज मी एका बिघाडाबद्दल बोलणार आहे. विषय लहान दिसेल, पण त्यात आपल्या मुलामुलींच्या एका वर्षाचे भले-बुरे अडकलेले असू शकते, हे आपल्याला पटेल अशी मला आशा आहे.

जालना जिल्ह्यातील एका शाळेच्या कार्यालयात जुलै महिन्यात घडलेली ही गोष्ट. संगणक फार मंद झाला होता, म्हणून त्यातील जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवली. आधी घेऊन ठेवलेला बॅकअप तिच्यावर उतरवला. काम विनाअडथळा पूर्ण झाल्याचा संदेशही पडद्यावर आला. मात्र बटण दाबल्यावर संगणक सुरू होईना. काळ्या पडद्यावर एकच ओळ, की सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही. दाराशी एक वडील आपल्या मुलीच्या दाखल्यासाठी उभे होते. दुसऱ्या दिवशी तिच्या प्रवेशाची मुदत संपत होती. कुणी म्हणाले, "सगळे पुसून नव्याने टाका." कुणी म्हणाले, "जुनीच डिस्क फॉरमॅट करून बसवा." मी त्या वेळी तिथे होतो. मी एवढेच म्हणालो, "आधी काहीही पुसू नका."

मित्रांनो, हा पहिला नियम लक्षात ठेवा. संगणक सुरू होत नाही म्हणजे माहिती गेली, असे नव्हे. दाराचे कुलूप अडकले म्हणून घरातले सामान नाहीसे होत नाही. जुनी डिस्क बाजूला सुरक्षित ठेवावी. तिच्यातील फायली यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि मगच दुरुस्तीला हात घालावा.

दुसरा नियम असा, की यंत्र नेमके कोणत्या पायरीवर थांबले ते पाहावे. बटण दाबल्यावर संगणक चार पायऱ्या चढतो. प्रथम तो स्वतःचे अवयव तपासतो. मग बायोस, म्हणजे नव्या संगणकांत यूईएफआय, ठरलेल्या क्रमाने डिस्क शोधते. तिसऱ्या पायरीवर त्या डिस्कवरचा लहानसा आरंभ-कार्यक्रम विंडोज कुठे आहे ते सांगतो. चौथ्या पायरीवर विंडोज आपले ड्रायव्हर घेऊन उभे राहते.

पडद्यावर काहीच दिसत नसेल आणि नुसते बीप वाजत असतील, तर दोष बॅकअपचा नसतो. रॅम किंवा वायर नीट बसली आहे का ते पाहावे. डिस्कच सापडत नसेल तर डिस्कचा क्रम आणि सुरू होण्याची पद्धत तपासावी. जुनी पद्धत एक, यूईएफआयची दुसरी. बॅकअप ज्या पद्धतीच्या संगणकावर घेतला, तीच पद्धत इथे हवी. निळ्या पडद्यावर आरंभाची नोंद बिघडल्याचे लिहून आले, तर अनेकदा असे झालेले असते, की फक्त सी ड्राइव्ह परत आणला आणि आरंभ-कार्यक्रमाचा छोटा भाग मागेच राहिला. विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून 'स्टार्टअप रिपेअर' चालवावे. तेवढ्याने भागले नाही, तर 'बीसीडीबूट' ही आज्ञा तो भाग पुन्हा लिहून देते. विंडोजचे चिन्ह दिसून मग निळा पडदा येत असेल, तर डिस्कच्या ड्रायव्हरचा किंवा बायोसमधील साटा पद्धतीचा मेळ बसलेला नसतो. आणि जुनी व नवी अशा दोन एकसारख्या डिस्क एकाच वेळी जोडून ठेवू नयेत, त्याने संगणकाचा गोंधळ होतो.

तिसरा नियम म्हणजे एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर लिहावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि बिघाड वाढला तर परत फिरण्याची वाटही उरत नाही.

त्या दिवशी आम्ही याच क्रमाने गेलो. बायोस उघडले, तर तिथले घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले. तेवढ्यावरून उलगडा झाला. आतला नाण्याएवढा सेल संपला होता. डिस्क बदलण्यासाठी विजेची वायर काढली आणि बायोसची सारी मांडणी मूळपदावर गेली. सुरू होण्याची पद्धत बदलली होती, बॅकअपमध्ये काहीच दोष नव्हता. सेल बदलला, मांडणी पूर्ववत केली आणि संगणक सुरू झाला. मात्र तो सुरू झाल्यावर दिसले, की बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा आहे. मधल्या काळातील प्रवेशाच्या नोंदी त्यात नव्हत्या. त्या जुन्या डिस्कवर होत्या. कुणाचे ऐकून ती फॉरमॅट केली असती, तर काय झाले असते याचा विचार आपणच करावा. संध्याकाळी त्या मुलीचा दाखला छापून निघाला.

अशी वेळ मोठ्यांवरही येते. 2017 च्या जानेवारीअखेर गिटलॅब या नामांकित कंपनीत चुकून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या, पण प्रसंगी त्या उपयोगी पडल्या नाहीत. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील विंडोज संगणक सुरू होता होता पुन्हा पुन्हा बंद पडू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने त्यांची संख्या 85 लाख होती. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणे. पण तो बहुतेक ठिकाणी एकेका संगणकाजवळ बसून करावा लागला. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप होते, त्यांना आधी 48 अंकी किल्ली शोधावी लागली. आपल्या संगणकावर असे कुलूप असेल, तर ती किल्ली आजच कागदावर लिहून कपाटात ठेवा.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. 2023 मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. दप्तरे जपलेली होती, पण ती वाचण्यासाठी उर्दू आणि मोडी जाणणारी माणसे शोधावी लागली. नोंद जपणे हे अर्धे काम आहे, आणि गरज पडेल त्या दिवशी ती वाचता येणे हे उरलेले अर्धे.

ही गोष्ट आपल्या मदरशातील मुलांना वेगळी सांगायला नको. हिफ्ज पूर्ण झाले म्हणून हाफिज स्वस्थ बसत नाही, तो दौर करीत राहतो. तरावीहमध्ये इमामाच्या मागे दुसरा हाफिज उभा असतो आणि चूक होताच लुकमा देतो. बॅकअपचाही असाच दौर हवा. दर तीन महिन्यांनी एखाद्या रिकाम्या डिस्कवर तो उतरवून पाहावा आणि संगणक सुरू होतो का, फायली उघडतात का, ते तपासावे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यातली एक इमारतीबाहेर असावी. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावा, ही आपली शिकवण इथेही लागू आहे.

पालकांना माझी विनंती आहे, की मुलाने किंवा मुलीने घरचा जुना संगणक उघडला तर रागावू नका. आधी फायलींची प्रत घ्यायला लावा, विजेची वायर काढायला लावा आणि काय केले ते वहीत लिहायला सांगा. बिघाडापुढे न घाबरता पायरीपायरीने विचार करण्याची सवय त्यांना पुढे दवाखान्यात, शेतात, कारखान्यात, कुठेही उपयोगी पडेल. आणि संस्थेच्या प्रत्येक शाळेत नववी-दहावीच्या दोन मुली व दोन मुलगे हे काम शिकून तयार व्हावेत, एवढी सूचना पदाधिकाऱ्यांपुढे ठेवून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.