दुरुस्ती-जहाज ‘व्हेस्टल’

आरमारांतील दुरुस्ती-जहाजाचा पोवाडा सहसा कोणी गात नाहीं. अमेरिकेचें ‘व्हेस्टल’ मूळचें कोळसावाहू. १९१३ सालीं तें दुरुस्तीचा तरता कारखाना बनलें. ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बर बंदरांत तें ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेच्या कडेला बांधलेलें होतें. त्यावर दोन जपानी बॉम्ब पडले. पुढें ‘ॲरिझोना’चें दारूकोठार उडालें आणि त्या धक्क्यानें ‘व्हेस्टल’चा अधिपति कॅसिन यंग पाण्यांत फेंकला गेला. मागें जहाज सोडण्याचा हुकूमहि सुटला! जळत्या तेलांतून पोहत यंग परत वर चढला. त्यानें खलाशांना माघारीं बोलाविलें आणि बुडूं लागलेलें जहाज उथळ जागीं नेऊन मुद्दाम रुतविलें. गोदीला सवड नव्हती. तेव्हां त्यावरील कारागिरांनीं आधीं आपलेंच जहाज सांधलें, मग दक्षिण पॅसिफिकांत इतरांचीं. यंग मात्र नोव्हेंबर १९४२ मध्यें ग्वाडलकॅनालपाशीं ‘सॅन फ्रान्सिस्को’ या क्रूझरवर लढतांना पडला.