प्रयोगशाळेतील जुने दोलनदर्शक : ठेवावेत की बदलावेत?

(भंडारा जिल्ह्यातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



भंडारा जिल्हा भातशेती, तलाव आणि पितळी भांडी यांसाठी प्रसिद्ध आहे. येथे दोलनदर्शकाची, म्हणजे ऑसिलोस्कोपची चर्चा कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु सौर पंपाच्या नियंत्रकात किंवा भातगिरणीच्या मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये वीज आज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. ऐन रोवणीच्या दिवसांत असा पंप बंद पडला, तर तो दुरुस्त करणारा तरुण भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेला असावा, अशी आपली अपेक्षा असते. त्याला ही वीज दिसली पाहिजे. आणि ती दाखविणारे यंत्र म्हणजे दोलनदर्शक.

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली तयार केलेली कॅथोड किरण नलिका हे या यंत्राचे मूळ. कार्यशाळांत 'सीआरओ' याच नावाने ते ओळखले जाते. ठाण्याच्या ॲप्लॅबसारख्या कंपनीने ते देशातच बनविले आणि विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. आता प्रमुख उत्पादकांनी नलिकेच्या यंत्रांची जागा अंकीय यंत्रांना दिली आहे. जुनी नलिका निकामी झाली की बदली नलिका मिळणे कठीण होते.

म्हणून जुने सर्व सीआरओ मोडीत काढावेत काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. यंत्राचे वय किती, यापेक्षा आज शिकवावयाचा धडा त्यावर शिकविता येतो काय, हा खरा निकष होय. ५० हर्ट्झचा घरगुती पुरवठा, रेक्टिफायर किंवा ध्वनिवर्धक यांचे धडे २० मेगाहर्ट्झचा जुना सीआरओ आजही उत्तम शिकवितो. बटण फिरविताच तरंग कसा बदलतो, हे नवशिक्याला त्यावर सहज उमगते.

परंतु चौकोनी तरंगाचा खरा आकार पाहण्यासाठी यंत्राची क्षमता तरंगाच्या वारंवारतेच्या सुमारे ५ पट असावी लागते. १६ मेगाहर्ट्झच्या स्पंदासाठी ८० मेगाहर्ट्झ हवेत. तेथे जुने यंत्र कोपरे गोल दाखविते. शिवाय सुरू होताना एकदाच येऊन जाणारा दोष साधा सीआरओ धरून ठेवू शकत नाही. अंकीय यंत्र तो स्मृतीत साठविते. मात्र नमुने कमी वेगाने घेतले गेले, तर तेही खोटा तरंग दाखविते. हेही विद्यार्थ्यास शिकविले पाहिजे.

आणखी एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. प्रोबची अर्थ क्लिप यंत्राच्या सांगाड्यामार्फत जमिनीशी जोडलेली असते. ती ड्राइव्हच्या जिवंत भागास लावल्यास शॉर्टसर्किट होते. ते टाळण्यासाठी काही जण अर्थिंगची पिनच काढून टाकतात. मग यंत्राचा सांगाडाच जिवंत होतो. म्हणून नवीन यंत्रासोबत डिफरन्शियल प्रोबची मागणी अवश्य नोंदवावी.

शिक्षकांनी प्रथम एक सोपी तपासणी करावी. बहुतेक यंत्रांच्या दर्शनी भागावर सुमारे १ किलोहर्ट्झच्या चौकोनी तरंगाचे टोक असते. प्रोब तेथे जोडून जुळवून घ्यावा. त्यानंतरही कोपरे सरळ येत नसतील किंवा रेषा सरकत असेल, तर तशी लेखी नोंद करावी. मुंबईत चुनाभट्टी येथील केंद्र शासनाची 'आयडेमी' ही संस्था मापन उपकरणांचे कॅलिब्रेशन करते; प्रत्येक संस्थेने निदान एक यंत्र तसे प्रमाणित ठेवून इतर यंत्रे त्याच्याशी ताडून पाहावीत.

अधिकाऱ्यांना माझी विनंती अशी की, खरेदीच्या प्रस्तावात यंत्रांच्या संख्येबरोबर प्रोब, दुरुस्ती व शिक्षकांचे प्रशिक्षण यांचीही तरतूद असावी. निकामी यंत्रे जडवस्तू नोंदवहीत नुसती पडून राहू नयेत. रीतसर निर्लेखन करून ती नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच द्यावीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचाही हाच रोख आहे. नलिकेच्या काचेत शिसे असू शकते.

पंचायत सदस्यांनी आपल्या तालुक्यातील संस्थेस भेट द्यावी आणि एकच प्रश्न विचारावा : आमच्या गावचा सौर पंप बिघडला, तर येथील विद्यार्थी त्याचा दोष या यंत्रावर पाहू शकेल काय? त्या उत्तरावरून मागणी ठरवावी. खरेदीचा पैसा मग कपाटात बंद राहणार नाही. तो शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचेल.