मुलींची लस आणि पालकांचा विश्वास

(शिक्षक, आशा व अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यातील भाषण)



गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे ८० हजार स्त्रियांचा बळी घेतला, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. हा रोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या संसर्गातून उद्भवतो. संसर्गापूर्वी, कोवळ्या वयातच लस दिल्यास तो मोठ्या प्रमाणात टाळता येतो. तरीही गरीब स्त्रियाच त्याला अधिक बळी पडतात. कारण वेळेवर तपासणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही अशी तपासणी झालेली नव्हती.

म्हणूनच ही लस शाळेतून दिली जावी, असे आमचे ठाम मत आहे. ९ ते १४ वयाच्या मुली सर्वाधिक संख्येने एकत्र भेटतात त्या शाळेत. तेथे लस मिळाल्यास आईबापांना मजुरी बुडवून इस्पितळाच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. या वयात एकच मात्राही पुरेशी ठरू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितल्याने हे काम आणखी सुकर झाले आहे.

येथे काही मित्र विचारतात : खम्ममच्या वेळी आपण विरोध केला, मग आज लसीची मागणी कशी? प्रश्न रास्त आहे. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत पाथ या अमेरिकी संस्थेने सुमारे २४ हजार मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प राबवला. त्यांत आदिवासी वसतिगृहांतील मुली मोठ्या संख्येने होत्या. आंध्रमध्ये तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या आढळल्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर, एप्रिल २०१० मध्ये, प्रकल्प थांबवावा लागला. ते मृत्यू लसीमुळे झाले असण्याची शक्यता फारच कमी, असे चौकशीत दिसून आले. पण २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने संमतीच्या या विटंबनेवर कठोर ताशेरे ओढले. आमचा विरोध होता तो गरिबांच्या लेकींना न विचारता सुई टोचण्याला; विज्ञानाला नव्हे.

याउलट सिक्कीमकडे पाहा. २०१८ साली त्या राज्याने ९ ते १४ वयाच्या सुमारे २५ हजार मुलींसाठी शाळांतून मोहीम काढली. आधी शिक्षकांना व आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, पालकांना माहिती दिली, मगच लस टोचली. सुमारे ९७ टक्के मुलींनी ती घेतली. लस तीच, शाळाही तशाच. फरक होता तो विश्वासाचा.

तेव्हा आपला आग्रह चार गोष्टींचा असावा. पहिली, लस सरकारने मोफत द्यावी. देशी लस २०२३ साली खाजगी बाजारात आली ती मात्रेला सुमारे २,००० रुपये दराने. शेतमजुराला हा भाव कसा परवडणार? दुसरी, संमती पालकांच्याच भाषेत, पालकसभेत सर्व प्रश्नांना उत्तरे दिल्यावर घ्यावी, आणि नकार देणाऱ्या मुलीचा अपमान होऊ नये. तिसरी, लस टोचल्यावर मुलींवर लक्ष ठेवण्याची आणि त्रास झाल्यास उपचाराची व्यवस्था हवी. चौथी, शाळेबाहेरच्या मुली सुटता कामा नयेत. आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली मुलगी हजेरीपटावर अनुपस्थित असते; नेमक्या तिलाच या लसीची गरज असते. तिच्यापर्यंत आशा पोचेल. पण तिला तुटपुंज्या मानधनावर राबवून हे काम निभणार नाही.

मित्रहो, अफवेला धमकीने उत्तर देता येत नाही. घराघरांत जाऊन सत्य सांगावे लागते, तेही वर्षानुवर्षे. ते काम शिक्षक, आशा आणि अंगणवाडी सेविका करू शकतात; आणि आपल्या संघटनांनी त्यांच्या खांद्याला खांदा लावून ते केले पाहिजे. खम्ममच्या मुलींचे आपण एवढे देणे लागतो.