उसाच्या हंगामात ट्रॅक्टर तापू नये म्हणून



कारखान्याचे धुराडे पेटले की आपल्या ट्रॅक्टरला उसंत नसते. दिवसभर फडातून ट्रॉल्या ओढायच्या आणि रात्री काट्याच्या रांगेत उभे राहायचे. अशा दिवसांत चढावर इंजिन तापून हेड गॅस्केट गेले, तर नुसते दुरुस्तीचे बिल येते असे नाही. तोडणीची टोळी बसून राहते, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखरही उतरते. म्हणून आज दोन गोष्टी सांगतो.

पहिली रेडिएटरच्या जाळीची. पंखा समोरून हवा ओढतो, तिच्याबरोबर पाचटाचा भुसा आणि धूळ येऊन जाळीत बसते. हवेला वाटच राहत नाही, मग पाणी थंड होणार कसे? जाळी रोज संध्याकाळी पाहा. धुताना पाणी पंख्याच्या बाजूने मारा, म्हणजे कचरा आल्या वाटेने बाहेर पडेल. पुष्कळ जण समोरून पाइप लावतात, त्याने भुसा आणखी आत ठासला जातो. आणि बरं का, त्या जोरदार धुलाईच्या बंदुकीचा मोह नको, पातळ पात्या वाकतात. तेलकट मळ असेल तर साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. काही मोठ्या ट्रॅक्टरला रेडिएटरच्या पुढे ऑइल कूलर असतो. त्या दोहोंच्या फटीत भुसा दडतो, तो बाहेरून दिसत नाही. बोल्ट सैल करून तेथेही पाहावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. बोअरचे मचूळ पाणी घालू नका. त्यातले क्षार आत थर धरतात आणि उष्णता बाहेर पडू देत नाहीत. शुद्ध पाण्यात निम्मे कूलंट मिसळावे. डबा तयार मिश्रणाचा असेल तर त्यात पाणी घालायचे नाही. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले वासराने, कुत्र्याने चाटू नये आणि डबा पोरांच्या हाती लागू नये.

झाकणाकडे तर कोणी बघतच नाही! झाकणाने आत दाब राहतो, म्हणून पाणी १०० अंशांवर उकळत नाही. दाब चौरस सेंटिमीटरला १ किलो असेल तर ते १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर गेले की हा फायदा गेला. पण हाच दाब घातही करतो. आमच्या शेजारच्या वस्तीवरील एका चालकाने घाईत गरम झाकण फिरवले आणि उकळते पाणी छातीवर घेतले. हंगाम संपेपर्यंत तो खाटेवर होता.

काटा लाल पट्ट्यात गेला तर ट्रॅक्टर बाजूला घ्या आणि दोन मिनिटे इंजिन हळू चालू द्या. मात्र पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल तर लगेच बंद करा. अर्धा तास तरी थांबा. मग जाड गोणपाट धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, वाफ जाऊ द्या, नंतर काढा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जातो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही ऐकू नका. बिघडला असेल तर नवा बसवा.

काही जण विचारतात, ट्रकला बसवतात तसा गिअरच्या ऑइलला वेगळा कूलर बाहेरून बसवून घ्यावा का? आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांत ऑइल फार तापते, तेथे ओझे ओढताना त्याचा उपयोग आहे. आपल्या हाताने गिअर टाकायच्या ट्रॅक्टरला सहसा गरज नसते. ऑइल कमी असते, चुकीच्या जातीचे असते किंवा ट्रॉली अतोनात भरलेली असते. हायड्रॉलिकचा दांडा शेवटाला अडकून घरघर चालू राहिली तरी ऑइल तापते. तेव्हा पैसे घालण्याआधी हे तपासा.

ऑइल मोजताना ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. इंजिनची असो वा गिअरची, पट्टीवर ऑइल दुधासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. तो ट्रॅक्टर पुढची खेप न करता मिस्त्रीला दाखवा.