माहेरच्या साडीचा हिशेब

(महिला मेळाव्यात ‘मी पाहिलेला सिनेमा’ या सत्रात नेवासे तालुक्यातील एका निवृत्त अंगणवाडी सेविकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलीचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)

ताईंनी मला सिनेमावर बोला म्हणून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतं? मी वर्षातून दोन-तीन सिनेमे बघणारी बाई. दिग्दर्शन, छायाचित्रण हे आपल्याला समजत नाही. ताई म्हणाल्या, रडलीस कुठं, चिडलीस कुठं, एवढंच सांग. तेवढं मला सांगता येईल.

लहानपणी आमच्याकडे सिनेमा यायचा तो जत्रेत. तंबू ठोकायचे, जमिनीवर बसायचं, मधे दोरी. एका अंगाला बाप्ये, एका अंगाला बायका. शिट्ट्या सगळ्या पलीकडून यायच्या, मुसमुसणं सगळं अलीकडून. तेव्हा वाटायचं, सिनेमात रडायचं काम बायकांचंच.

मग १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. तुमच्यापैकी किती जणींनी पाहिला? बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. आम्ही गावातल्या वीस-बावीस बायका टेम्पो करून तालुक्याला गेलो होतो. घरून परवानगी मिळवायला त्रास पडला नाही. ‘उंबरठा’ला मिळाली नसती, याला मिळाली. सासूबाई स्वतःच पुढं बसल्या होत्या. अलका कुबल पडद्यावर सोसत होती नि आम्ही खाली पदर ओले करत होतो. उषा नाडकर्णींना तर बायका मोठमोठ्यानं शिव्या घालत होत्या. माझ्या सासूबाईंनीही घातल्या! परतताना टेम्पोत मला इतकं हलकं वाटलं, की काय सांगू. आपलं दुःख कुणी तरी मोठ्या पडद्यावर सांगितलं, असं वाटलं.

त्यानंतर एका शिबिरात संघटनेच्या ताई म्हणाल्या, “हा सिनेमा बाईला सोसायला शिकवतो. छळाला पुण्याईचं रूप देतो.” मला राग आला. मनात म्हटलं, तुम्हाला शहरात बसून बोलायला काय जातं? तुम्ही त्या टेम्पोत नव्हता.

आज मला दोन्ही खरं वाटतं. ताईंचं बरोबर होतं. त्या सिनेमात बापाला मुलगी अपशकुनी वाटते, सासू छळते, आणि यावर उपाय काय? तर बाईनं चांगलं राहायचं. ना कुणी पोलिसांत जातं, ना कुणी हिस्सा मागतं. माहेरची साडी येते, पण फार उशिरा. आणि माझंही बरोबर होतं. बायका एकत्र बसून रडल्या, ही साधी गोष्ट नाही. त्या दिवशी टेम्पोत तिघींनी पहिल्यांदा आपापल्या घरचं खरं सांगितलं. पुढं बचत गट काढला तेव्हा त्या तिघीच सर्वांत आधी आल्या.

‘उंबरठा’ मी उशिरा पाहिला, टीव्हीवर. सिनेमा १९८२ चा, जब्बार पटेलांचा. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून दूरच्या महिलाश्रमात कामाला जाते, आपल्या मुलीला सासरी ठेवून. आमच्या घरात सगळे म्हणाले, कसली ही आई! मीही म्हणाले. पुढं अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला मला पोर ठेवून जावं लागलं, तेव्हा तेच शब्द मला ऐकायला लागले. तेव्हा सुलभा आठवली. काही सिनेमे बघताना कळत नाहीत, जगताना कळतात.

आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर सगळ्यांना अभिमानाचे. १९९१ च्याच ‘सडक’मधली त्यांची महाराणी बघून अंगावर काटा आला होता. काम मोठंच. त्याला बक्षीसही मिळालं. पण त्यानंतर कितीतरी दिवस बाजारात तृतीयपंथी माणूस दिसला की मी पोराला जवळ ओढायची. मी त्या माणसांशी कधी दोन शब्द बोलले नव्हते, तरी भीती कुठून आली? ती सिनेमातून आली. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून इथं कबूल करते.

आता ‘सैराट’. नागराज मंजुळे शेजारच्या करमाळा तालुक्यातले, पण शिकले नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात. ‘पिस्तुल्या’ हा छोटा सिनेमा त्यांनी इथंच शिकताना केला. ‘फँड्री’ फेब्रुवारी २०१४ मध्ये लागला. शाळकरी दलित पोराला वरच्या जातीची मुलगी आवडते, त्याची गोष्ट. आणि २८ एप्रिल २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात, सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारून टाकलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, या संशयावरून. २०१७ साली त्या खटल्यातले आरोपी सुटले. साक्षीदार फिरले होते. ‘सैराट’ लागला २९ एप्रिल २०१६ ला. खर्ड्याला दोन वर्षं आणि एक दिवस झाला होता.

पहिल्या अर्ध्या भागात आम्ही खूश. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोराला दम भरते. आमच्या पोरी खुर्चीतच नाचत होत्या. शेवट तुम्हाला माहीत आहे. हैदराबादेत भाऊ नि नातेवाईक येतात, आईनं पाठवलेल्या भेटी घेऊन. आर्ची चहा ठेवते. माहेरचं माणूस दारात आलं म्हणून तिचा जीव सुपाएवढा होतो. आणि मग ते रांगतं-चालतं लेकरू आणि त्याची पावलं.

थिएटरातून बाहेर पडताना कुणी बोलेना. माझ्या डोक्यात मात्र एकच चाललं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी मी माहेरच्या साडीसाठी रडले होते. आज माहेरची भेट आली ती मरण घेऊन. माहेर म्हणजे सगळी माया आणि सासर म्हणजे सगळा छळ, असं ‘माहेरची साडी’नं मला शिकवलं होतं. ‘सैराट’नं विचारलं, माहेरची माया कुठवर? लेक सांगेल तिथं सही करते, सांगेल तिथं लग्न करते, तोवर.

सही म्हटलं, म्हणून आता माझी गोष्ट सांगते.

१९९८ साली माझे वडील गेले. तेराव्याला भावांनी आम्हा तिघी बहिणींना साड्या नेसवल्या. चांगल्या साड्या, खोटं कशाला बोलू. महिन्याभरानं दादा न्यायला आला. रजिस्ट्रार ऑफिसात गेलो. कागद आधीच तयार होता. हक्कसोडपत्र. वहिनीनं डबा दिला होता, आम्ही हसत-बोलत गेलो, सह्या केल्या, उसाचा रस प्यालो नि परतलो. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी विचारलंही नाही. बापाच्या वाट्यात लेकीला वारसा १९५६ च्या कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलासारखीच जन्मतः हिस्सेदार, हे महाराष्ट्रानं १९९४ साली मानलं, फक्त आधी लग्न झालेल्या लेकींना त्यातून वगळलं. तो भेद २००५ साली केंद्राच्या कायद्यानं काढला. हे मी नंतर शिकले. सही आधीच झाली होती.

ती साडी अजून माझ्या पेटीत आहे. अडीच एकर वाट्याला आली असती. मी कधी कधी ती साडी काढून बघते. एवढी महाग साडी आपल्या पंचक्रोशीत दुसरी कुणी नेसली नसेल. (हशा)

हसू नका, तुमच्या पेटीतही असेल.

चार वर्षांपूर्वी माझे मालक गेले. सातबाऱ्यावर वारस म्हणून मी, मुलगा नि मुलगी, तिघांची नावं लागली. मागच्या दिवाळीत मुलगा म्हणाला, “आई, ताईची सही घेऊन टाकू. तिला साडी करू, वर काही पैसे देऊ.” पोरगं वाईट नाही. माझ्या दादासारखंच आहे, चांगलं आणि बिनविचारी. मी नको म्हटलं. मला वाटलं होतं, लेक माझ्या बाजूनं उभी राहील. ती म्हणाली, “आई, कशाला? भांडण होईल, माझं माहेर तुटेल.”

मैत्रिणींनो, हे वाक्य मला त्या दोन्ही सिनेमांपेक्षा जास्त लागलं. सही केली नाही तर तुटणारं ते कसलं माहेर? पण तिची भीती खोटी नाही. मी त्याच भीतीपायी सही केली होती. अजून काही सुटलेलं नाही. मुलगा माझ्याशी तुटक बोलतो. लेकीला सांगितलंय, मी आहे तोवर तू सही करायची नाही, आणि माझा वाटा मी दोघांत सारखा लिहून ठेवणार आहे.

शेवटचा सिनेमा ‘बाईपण भारी देवा’, २०२३ चा. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरतात. आम्ही बचत गटाच्या बायका एकाच रंगाच्या साड्या नेसून गेलो. मंगळागौर आमच्यात नव्हती, आमची पंचमीची फुगडी. तरी मजा आली. पन्नाशीच्या बायकांचे गुडघे, रुसवे, जुनी भांडणं पडद्यावर आली, हेच केवढं! माझी तक्रार एवढीच की नाचून सगळं मिटतं. आमच्या तिघी बहिणींचं नाचून मिटलं नसतं. पण तो बघून आल्यावर मी धाकटीला फोन केला नि पहिल्यांदा विचारलं, “त्या दिवशी सही करताना तुला काय वाटलं होतं गं?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अक्का, मी तर वाचलंच नव्हतं.”

माझं मत असं, की सिनेमा बघावा, रडावं, हसावं, शिट्टीसुद्धा मारावी. आता दोरी राहिलेली नाही. पण परतताना टेम्पोत गप्प बसू नये. आणि घरी गेल्यावर आपापली पेटी उघडून बघावी, त्या साडीची किंमत किती पडली.

एवढं बोलून थांबते.